पाच रुपयांचा पुडा आणि घराघरांतला वाद

दिंडोरीच्या बाजारपेठेत सकाळी शाळेची वेळ झाली की कापडाच्या दुकानात शुकशुकाट असतो आणि किराणा दुकानाच्या पायरीवर मात्र उभे राहायला जागा नसते. गिऱ्हाईक सगळे चार फुटांच्या आतले. दाराच्या चौकटीला चिप्स, कुरकुरे, चटपटीत शेव यांच्या माळा टांगलेल्या असतात. मूल बोट दाखवते, दुकानदार एक पुडा तोडून देतो, नाणे गल्ल्यात पडते. भाव करणे नाही, उधारी नाही, माल परत येणे नाही. व्यापारी म्हणून पाहिले तर यासारखा धंदा नाही. बाप म्हणून पाहिले तर मात्र मत पडायला सुरुवात होते, आणि एकाच घरात दोन-दोन मते पडतात.

व्यापाराच्या पानावर मुलांच्या खाण्याचा विषय कशाला, असे काही वाचक बंधू विचारतील. कारण साधे आहे. हा माल विकणारे आपल्यात आहेत, बनवणारे आपल्यात आहेत आणि खाणारे आपल्याच घरात आहेत. बेकरी आपली, अंडा-बुर्जीची गाडी आपली, चायनीजची गाडी आपली, शोरमाची भट्टी आपली. तेव्हा फास्ट फूड ही कोणा परक्याने आपल्यावर लादलेली गोष्ट आहे, असे म्हणून सुटता येणार नाही.

आमच्या वेळी, म्हणजे आम्ही तालुक्याच्या उर्दू शाळेत पाटी घेऊन जात होतो तेव्हा, मधल्या सुटीतला माल म्हणजे चार आण्यांचे फुटाणे, चिंचा, बोरे आणि बर्फाचा गोळा. तोही रोज नाही. बापाच्या खिशातून चार आणे काढणे सोपे नव्हते. १९८३ साली मॅगी नूडल्स भारताच्या बाजारात आले. पुढे १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये मॅकडोनाल्डची पहिली दुकाने दिल्लीत आणि मुंबईत बांद्र्याला उघडली, त्याच्या आदल्याच वर्षी केएफसी बंगलोरला आले होते. पण दिंडोरीसारख्या गावापर्यंत हा प्रवाह बर्गरच्या रूपाने पोचलाच नाही. तो पाच रुपयांच्या पुड्याच्या रूपाने पोचला. शहराच्या मुलाचे फास्ट फूड टेबलावर येते, आपल्या मुलाचे माळेवरून तुटते. या विषयावर शहरी लोक बोलतात ते पिझ्झा-बर्गरबद्दल, आणि आपण मान डोलावतो की आमच्याकडे ते काही नाही.

आता घरांची गोष्ट. बापांचे एक मत सर्रास आढळते, ते असे: आम्हाला मिळाले नाही, निदान पोरांना मिळू द्या. हा बाप वाईट नाही. तो आठवडे बाजार करतो, पहाटे टेम्पोत माल भरतो, वणी, पिंपळगाव, नाशिक करून रात्री नऊला घरी पोचतो. मुले झोपेला आलेली असतात. त्याच्या हातात नाशिकहून आणलेली चायनीजची पिशवी नाहीतर शोरमाचा रोल असतो आणि पोरे उठून बसतात. दिवसभरात बापाची आणि पोरांची जी काही भेट होते ती एवढीच. ती पिशवी सोडा असे त्याला सांगायचे म्हणजे जवळजवळ भेट सोडा असे सांगणे आहे. त्यामुळे डॉक्टर सांगतो, मौलाना सांगतात, बायको सांगते, तरी तो ऐकत नाही.

दुसऱ्या टोकाला पूर्ण बंदी करणारे बाप आहेत. हल्ली शिकलेल्या घरांत हे प्रमाण वाढले आहे. मोबाईलवर कसले तरी व्हिडिओ पाहून एके दिवशी फर्मान निघते की उद्यापासून घरात पुडा दिसता कामा नये. पुडा घरात दिसत नाही हे खरे. तो शाळेच्या भिंतीमागे दिसतो, दप्तराच्या तळाशी रिकाम्या पिशव्या सापडतात, आणि मित्राच्या पुड्यात हात घालायची सवय लागते. बंदीने खाणे थांबते असे निदान मी पाहिलेल्या घरांत तरी घडलेले नाही. लपवाछपवी मात्र मुले फार लवकर शिकतात.

या दोघांच्या मध्ये आई उभी असते आणि बोल तिलाच लागतो. आपल्या समाजात ‘आजकालच्या बायका स्वयंपाक करीत नाहीत’ असे बोलण्याची एक पद्धत पडली आहे. मला ते मान्य नाही. माझ्या दुकानातून फॉल-पिकोचे, ब्लाउजचे, मुलांच्या कपड्यांच्या शिलाईचे काम कितीतरी घरांत जाते. ती बाई पहाटे उठून पाणी भरते, डबा करते, मग मशीनवर बसते. ईदच्या, लग्नसराईच्या दिवसांत तिला मान वर करायला वेळ नसतो. चार वाजता पोरगे येऊन भूक लागली म्हणते, हातातले काम सोडले तर नग अपुरा राहतो, आणि नगाचे पैसे घरात लागतात. ती दहा रुपये काढून देते. तिने वीस मिनिटे विकत घेतली, असा हा हिशोब आहे. जे पुरुष या बाईला नावे ठेवतात त्यांनी चार वाजता घरी जाऊन भाकरी थापून दाखवावी, मग बोलावे.

आणि दादी-नानीचे मत वेगळेच. पोर गुबगुबीत दिसले की त्यांचा जीव हरखतो. त्यांनी उपाशी पोरे पाहिली आहेत, त्यामुळे खाणारे पोर म्हणजे निरोगी पोर हा त्यांचा ठोकताळा. तो ठोकताळा आता चालत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे पाहा. महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या मुलांत प्रमाणाबाहेर वजन असणारी मुले २०१५-१६ च्या पाहणीत १.९ टक्के होती, ती २०१९-२१ च्या पाहणीत ४.१ टक्के झाली. त्याच पाहणीत ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी निघाली. म्हणजे जाडी आणि खुरटेपणा दोन्ही एकाच राज्यात आहेत, पुष्कळदा एकाच गल्लीत. आमच्या तालुक्याच्या पश्चिमेला डोंगराकडे गेले की काटकुळ्या पोराच्या हातातही तोच पुडा दिसतो. पुड्याने पोट भरल्यासारखे होते, जेवणाच्या वेळी पोर ताट सरकवते, आणि आई म्हणते की हा काही खातच नाही.

कापड पाहतो तसा पुडा पाहतो का?

तीस वर्षे गजावर हात ठेवून गिऱ्हाईक पाहिल्यावर एक गोष्ट सांगतो. मुलाच्या कुर्त्याचे कापड घ्यायला बाई येते तेव्हा ती कापड चिमटीत धरून चोळते. उजेडात नेते. रंग जाईल का, धुतल्यावर आटेल का, सुती आहे की पॉलिएस्टर मिसळले आहे, किनारीवरचा शिक्का दाखवा, असे दहा प्रश्न विचारते. मीटरमागे पाच रुपयांसाठी पंधरा मिनिटे बसते. हे कापड मुलाच्या अंगावर बाहेरून राहणार असते. जे त्याच्या पोटात जाणार त्याचा पुडा ना ती उलटा करून पाहते ना तिचा नवरा.

यात तिचा दोष कमी आणि पुड्याचा जास्त. मागची अक्षरे बारीक, बहुतेक इंग्रजीत. तरी शाळेत जाणाऱ्या पोराकडूनच वाचून घ्यावे, त्यालाही धडा मिळतो. तीन गोष्टी कळल्या तरी पुष्कळ. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायची असा नियम आहे, त्यामुळे मैदा, पामतेल, साखर ही नावे पहिल्या दोन-तीनांत असतील तर पुड्यात तेच भरले आहे हे ओळखावे. साखर ग्रॅममध्ये दिलेली असते, चार ग्रॅम म्हणजे साधारण एक छोटा चमचा. मीठ हे ‘सोडियम’ या नावाने मिलिग्रॅममध्ये दडलेले असते. सोडियमला अडीचने गुणले की मीठ निघते. मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, मुलांना त्याहून कमी पुरे.

पुड्यावरचा हिरवा ठिपका मात्र सगळ्यांना कळतो. २००१ पासून तो आहे. मांसाहारी मालाला तपकिरी खूण असते. आपल्या घरांत हिरवा ठिपका पाहिला की शंका मिटते, चरबी-जिलेटिनचा प्रश्न उरत नाही, आणि पुडा पोराच्या हातात जातो. मॅकडोनाल्डबाबतही तसेच झाले. भारतात त्यांनी सुरुवातीपासून गाय-डुकराचे मांस ठेवले नाही, आणि २०१९ साली कंपनीने जाहीर केले की आपल्या भारतातल्या दुकानांना हलाल प्रमाणपत्र आहे. नाशिक-मुंबईला गेलेल्या कुटुंबाचा पहिला प्रश्न तोच असतो, त्याचे उत्तर मिळाले की दुसरा प्रश्न कोणी विचारत नाही. पण हिरव्या ठिपक्याचा साखर-मिठाशी काहीही संबंध नाही. साखरेचे पोतेही हिरव्या ठिपक्याचेच. आपल्याकडे हलाल या शब्दाच्या जोडीला तय्यब हा शब्द येतो, म्हणजे शुद्ध, चांगले. अर्धी जोडी विसरून आपण बाजार करतो आहोत.

आमच्या तालुक्याला ही तपासणी नवी नाही, म्हणून जास्त नवल वाटते. दिंडोरी द्राक्षांचा तालुका. २०१० साली युरोपने भारतीय द्राक्षांचे कंटेनर क्लोरमेक्वॅट या संजीवकाचा अंश सापडल्यावरून अडवले तेव्हा नाशिक जिल्ह्यातल्या बागाईतदारांचे काय हाल झाले ते इथल्या प्रत्येक दुकानदाराला ठाऊक आहे, कारण त्या वर्षी लग्नाचे बस्तेसुद्धा बारीक झाले होते. तेव्हापासून निर्यातीचा शेतकरी औषध फवारताना दिवस मोजतो. प्रयोगशाळेच्या अहवालाशिवाय पेटी बंदरावर जात नाही. कोणत्या बागेतला माल कोणत्या पेटीत आहे हे अपेडाच्या ग्रेपनेटवर नोंदवले जाते. लंडन-रॉटरडॅमच्या पोराच्या तोंडात जाणाऱ्या घडाचा इतका कागद आपण करतो. त्याच बागेत मजुरीला गेलेल्या बाईचे, तोच घड हातगाडीवर विकणाऱ्या बागवानाचे पोर बांधावर बसून कशाचा पुडा खाते, त्याचा एकही कागद कोणी मागत नाही. द्राक्षे पिकतात आमच्याकडे आणि हंगामात पोराच्या डब्यात द्राक्षांऐवजी द्राक्षाच्या वासाची गोळी असते, याला काय म्हणावे?

सरकारचा एक हात आणि दुसरा हात

सरकारने काही केले नाही असे नाही. मे २०१७ मध्ये महाराष्ट्र शासनाने शाळांच्या उपाहारगृहांत चिप्स, नूडल्स, पिझ्झा, बर्गर, थंड पेये असे पदार्थ विकण्यास मनाई केली. २०२० साली केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने नियम काढला की शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ विकू नयेत. ५० मीटर म्हणजे आमच्या भाषेत वीस मीटरचे अडीच थान उलगडले की झाले. मी माल घेऊन बऱ्याच गावांत जातो. शाळेच्या फाटकापासून पहिले दुकान अर्ध्या थानात येते. ते दुकान बहुधा एखाद्या विधवेचे किंवा गिरणीतून कमी झालेल्या माणसाचे असते आणि त्याचे पोट त्या माळेवर असते. त्याला उठवून प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही. त्याने माळेशेजारी शेंगदाण्याचे लाडू, फुटाणे, उकडलेले अंडे ठेवावे इतपत त्याच्याशी बोलता येते. काही ठेवतातही, पण या मालात सुटणारे पैसे थोडे आणि उरलेला माल दुसऱ्या दिवशी खपत नाही. पुडा सहा-सहा महिने टिकतो. व्यापाऱ्याला ही अडचण सांगावी लागत नाही.

दुसऱ्या हाताने सरकारने काय केले तेही पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. नमकीन आणि नूडल्सवर १२ टक्के होता तो ५ टक्के झाला, बिस्किटे आणि चॉकलेट १८ वरून ५ टक्क्यांवर आली. साखरेच्या फसफसत्या पेयांवर मात्र ४० टक्के ठेवला. अडीच हजारांपर्यंतच्या तयार कपड्यालाही ५ टक्केच आहे, म्हणजे पोराचा ईदचा कुर्ता आणि त्याचे नूडल्स आता एका रांगेत बसले. लहान पुड्यांत बऱ्याच कंपन्यांनी किंमत तीच ठेवून वजन वाढवले, कारण पाच आणि दहाचे नाणे हीच त्यांची खरी बाजारपेठ आहे. शाळेत मनाई आणि करात सवलत, असा हा कारभार आहे.

अंड्याची गोष्ट तर मनाला लागणारी. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे, न खाणाऱ्यांना केळे, द्यायचे ठरवले. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी बंद केला. आमच्या भागातल्या कष्टकऱ्यांच्या पोरांना त्या एका अंड्याची किंमत होती. बाजारात एक अंडे सात-आठ रुपयांना मिळते. म्हणजे ते पुड्याहून फार महाग नाही.

२०१५ चा मॅगीचा मामला पुष्कळांना आठवत असेल. उत्तर प्रदेशात बाराबंकीला घेतलेल्या नमुन्यावरून सुरुवात झाली, शिसे जास्त आहे असे म्हटले गेले, जूनमध्ये देशभर विक्री थांबली. कंपनीने ३० हजार टनांहून जास्त माल नष्ट केला. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द करून नव्याने तपासणी करायला सांगितले, तपासणीत माल पास झाला आणि नोव्हेंबरमध्ये पुडे पुन्हा फळीवर आले. त्या पाच महिन्यांत घराघरांत शिशाची चर्चा झाली. रोज संध्याकाळी मैद्यावर पोर वाढते आहे याची चर्चा झाली नाही, आणि माल पास झाल्यावर तर अनेक आईबापांना वाटले की आता यावर सरकारी मोहोरच लागली. शिसे नाही याचा अर्थ पोषण आहे असा होत नाही.

चिली या देशाने २०१६ पासून अशा पुड्यांच्या दर्शनी भागावर काळा अष्टकोनी शिक्का छापायला लावला: साखर जास्त, मीठ जास्त. अक्षर न वाचणाऱ्या बाईलाही काळा डाग दिसतो. आपल्याकडे असा इशारा छापण्यावरून वर्षानुवर्षे वाद चालला, एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला मुदत घालून द्यावी लागली. कापडावर शिक्का मारायला आम्हा लोकांना कोणी इतकी वर्षे दिली नव्हती.

घरचा हिशोब

आता पैशांचे बोलू. पोराला दिवसाला दहा रुपये, वर्षाचे ३०० दिवस धरले तर ३ हजार. घरात तीन पोरे असतील तर ९ हजार. माझ्या गिऱ्हाइकांपैकी फार थोडी घरे वर्षाला पोरांच्या कपड्यांवर एवढा खर्च करतात. आणि भावही पाहा. पाच रुपयांच्या चिप्सच्या पुड्यावर १२ ग्रॅम वजन लिहिले असेल तर किलोला ४१६ रुपये पडले. बटाट्याला किलोमागे दोन रुपये जास्त सांगितले तर आपण भाजीवाल्याशी भांडतो. हा हिशोब मी काही बापांना वहीवर मांडून दाखवला आहे. आरोग्याचे सांगितले तर ते हसतात, किलोचा भाव सांगितला तर गप्प होतात. निदान व्यापारी बापाशी बोलायची हीच भाषा मला बरी वाटते.

ज्या घरांत हा वाद थोडा निवळला आहे तिथे मी एकच गोष्ट पाहिली, की बापाने फर्मान काढले नाही आणि आईवर टाकलेही नाही. वार ठरवला. जुम्म्याच्या दिवशी पोरांनी आपल्या पसंतीचे खावे, बाकी सहा दिवस घरचे. आणि घरचे म्हणजे चार वाजता हाताला लागेल असे काहीतरी डब्यात भरून ठेवलेले: शेंगदाणे-गूळ, चुरमुऱ्याचा चिवडा, सकाळच्या चपातीचा गूळ-तुपाचा रोल, हंगामात द्राक्षे, पेरू. एका घरी तर बापच सुटीच्या दिवशी आठवड्याचा चिवडा करतो. शिलाईवाल्या बाईची वीस मिनिटे अशी आधीच वाचवून ठेवावी लागतात, आणि ती वाचवायला नवऱ्याचा हात लागतो.

आपल्या तळणाचेही खरे बोलले पाहिजे. रमजानात संध्याकाळी रस्त्यावर कढया लागतात, भजी-समोसे निघतात, आणि तेच तेल दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. कंपनीच्या पुड्याला नावे ठेवणारा माणूस त्या काळ्या तेलाबद्दल बोलत नाही. जुलै २०१८ पासून नियम आहे की तळणाच्या तेलात ध्रुवीय घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते टाकायचे. असे तेल बायोडिझेलसाठी गोळा करण्याची योजनाही त्याच वर्षी निघाली. वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आली. बेकरीवाल्या बंधूंना हे माहीत असायला हवे, कारण खारी, टोस्ट, नानखटाई यांचा सगळा खस्तेपणा त्या तुपावर असतो. डबा घेताना त्यावरचे लेबल वाचणे आणि पावती जपणे हे त्यांच्या फायद्याचे आहे.

आमच्या ओळखीचे एक बेकरीवाले आहेत. स्वतःच्या नातवाला ते आपलीच क्रीमची बिस्किटे देत नाहीत, आणि हे लपवीतही नाहीत. डोंगराकडच्या गावांतून नागली येते, ती घेऊन त्यांनी नागलीची बिस्किटे करून पाहिली. पहिला घाण कडक झाला, लोक चहातही बुडवेनात. नुसत्या नागलीने बिस्किट धरत नाही म्हणून निम्मा गव्हाचा आटा घातला, साखरेऐवजी गूळ घातला, तेव्हा जमले. ज्या पोरांसाठी केली त्यांनी रंग काळा म्हणून तोंड फिरवले. घेऊन गेले ते साखरेचा आजार असलेले म्हातारे, आणि त्यांना गूळही चालत नाही हे बेकरीवाल्यांनाच सांगावे लागले. सध्या ते रंग थोडा उजळ करण्याच्या आणि आकार लहान, पोरांच्या मुठीत मावेल असा करण्याच्या मागे आहेत. पाच रुपयांत किती बिस्किटे बसतात हा हिशोब अजून जुळत नाही. तीन बसली तर विकतील असे ते म्हणतात, आज दोनच बसतात.